जपानला गेलेली चिठ्ठी

१

“रिना, हे काय करून बसलीस तू?”

रिनानं वर्गात पाऊल टाकताच राजदीप सरांनी हा सवाल केला आणि तिच्या हातातला पेढ्यांचा डबा हातातच राहिला. चंद्रपुरातल्या त्या जपानी भाषेच्या क्लासात सोळा मुलंमुली बसली होती. आज रिना खोब्रागडे पेढे वाटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जपानातल्या एका वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून तिची निवड झाली होती. एप्रिलमध्ये निघायचं होतं. पक्कं पत्र तेवढं यायचं बाकी होतं.

पत्र आलं होतं, वृद्धाश्रमाच्या ओनोबाईंचं. सरांनी फोन तिच्यापुढे धरला.

‘आपली चिठ्ठी मिळाली. फार वाईट वाटले. आपल्या इच्छेप्रमाणे यादीतून आपले नाव काढले आहे. – ओनो.’

“कोणती चिठ्ठी?” रिनानं विचारलं. “सर, मी कोणतीच चिठ्ठी नाई धाडली!”

सरांनी बोटानं पडदा वर सरकवला. खाली त्या चिठ्ठीचा फोटो होता. वहीचा फाडलेला रेघी कागद, काळं बॉलपेन, जपानी अक्षरांतल्या दोन ओळी आणि खाली ‘रिना’.

“वाशी वा इकानु. नामाए ओ केसे,” सरांनी मोठ्यानं वाचलं. “मी जाणार नाही. नाव पूस. विनंती नाही, सरळ हुकूम! अन् हा ‘वाशी’ पाहा. जपानी मुली स्वतःला ‘वाताशी’ म्हणतात. ‘वाशी’ हा म्हाताऱ्या माणसांचा ‘मी’ आहे, तोही गोष्टीतल्या. मी हा शब्द कधी शिकवला नाही. असे शब्द तुझ्या त्या गेममध्ये असतात.”

सगळा वर्ग तिच्याकडे बघू लागला, कारण रिना जपानी कुठे शिकली हे सगळ्यांना माहीत होतं. ती अकरा वर्षांची असताना बाबांनी नागपूरहून एक खोकं आणलं होतं. जपानहून आलेला जुना माल विकणाऱ्याकडचं. आत लाल-पांढरा गेमचा डबा आणि सात कॅसेटी. इंग्रजीचं एक अक्षर नाही. दुसऱ्या कुणी ते माळ्यावर टाकलं असतं. रिना चिकटून बसली. गेममधला पहारेकरी प्रश्न विचारायचा, खाली दोन शब्द यायचे, चुकीचा निवडला की पुन्हा पहिल्यापासून. असं शंभरदा मार खाऊन तिला कळलं, की ‘हाय’ म्हणजे हो. तेव्हा ती पोट धरून हसली होती. तिच्या गावी, बल्लारपुरात तरी वेगळं काय म्हणतात? मग वह्यांमागून वह्या भरल्या. पुढे हातात धरायचा नवा गेम आला, त्यातली माणसं बोलायची. क्लासात आली तेव्हा सरांनी तिला थेट तिसऱ्या पातळीला बसवलं होतं.

आणि आज तेच सगळं तिच्यावर उलटलं होतं.

तिची नजर तिसऱ्या बाकावर गेली. तिथे रईस बसला होता. वर्गात दुसरा येणारा, गेमचा तिच्याइतकाच नादी, आणि प्रतीक्षायादीत पहिला. रिनाची जागा सुटली की ती त्याचीच.

“तूच!” रिना ओरडली. “तूच लिवली चिठ्ठी! माझी जागा पायजे होती न तुले?”

रईसनं बॅग उचलली आणि तो जिना उतरून गेला.

२

रिना बल्लारपूरला घरी पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. आई, मीराबाई, अंगणवाडीतून नुकतीच आली होती. बाबा, वामनराव, दुखरा गुडघा लांब करून दिवाणावर बसले होते. कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी तेच असायचे. शेजारच्या इंदुताई उंदीरवाडे पेढे खायला म्हणून आधीच येऊन बसल्या होत्या.

“नोकरी गेली,” रिना दारातच म्हणाली. “कोणीतरी माझ्या नावानं जपानले चिठ्ठी धाडली.”

मीराबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. “अवं माय! कोणाचं काय वाकडं केलं व आपन?”

वामनराव हळूच म्हणाले, “मंग नाव पुसलं का त्यायनं?”

“पुसलं, बाबा.”

त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. रिनाला भडभडून आलं. बाबांना असं खचलेलं तिनं त्यांचे थोरले भाऊ, मोठे बाबा, गेले तेव्हाच पाहिलं होतं.

इंदुताईंनी मात्र चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेली ही बाई. पत्ता खोडलेलं, भिजलेलं, अर्धं फाटलेलं पाकीट आलं की सगळं पोस्ट त्यांच्याकडे बघायचं, आणि त्या ते बरोबर घरी पोचवायच्या.

“फोटो दाव मले,” त्या म्हणाल्या. जपानी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण फोटो त्यांनी पाच मिनिटं पाहिला. “इमेल नाई, फोन नाई. पोस्टाची चिठ्ठी. आजकालचा पोट्टा असा तिकिटं चाटत बसंन का वं? चिठ्ठी निंघाली तवा तुह्या निवडीचं कोणाकोणाले माहीत होतं?”

“घरी, तुमाले, सरांले, रईसले. अन् खुशबूले.”

खुशबू ही रिनाची बालमैत्रीण. गडचिरोलीत नर्स होती. तिनंही अर्ज भरला होता आणि पहिल्याच फेरीत तिचं नाव गळलं होतं. तेव्हापासून तिचा फोन नव्हता.

“उद्या तयार राय,” इंदुताई उठत म्हणाल्या. “पयले त्या पोट्ट्याकडे, मंग गडचिरोली. अन् हे पाय, कोणावर वरडू नको आता. आयकाचं फक्त.”

३

रईसचे वडील नूरुद्दीनभाई चंद्रपुरात शिवणकाम करायचे. दुकानात दोन मशिनी धडधडत होत्या. रिनाला पाहताच रईसनं आपली मशीन थांबवली.

“अब क्या बाकी राह्यलं?” तो म्हणाला. “सोळा लोकांसमोर चोर म्हणून झालं तुहं.”

“बेटा, जागा तुले भेटली का?” इंदुताईंनी साधेपणानं विचारलं.

“कालच मेल आला. शुक्रवारपर्यंत जवाब द्याचा हाय. नाई देल्ला अजून.” त्यानं रिनाकडे पाहिलंही नाही. “अन् मी लिवलं असतं तर ‘वाताशी’ लिवलं असतं. तुहं नाव वापराचं तर तुह्यासारखं लिवाले नको का? एवढा येडा वाटलो का मी?”

“प्रतीक्षायादी कधी लागली?”

“आज नववा दिवस.”

इंदुताईंनी बोटांवर काही मोजलं आणि त्या हसल्या. “मंग ह्या पोट्ट्याले सोड. साध्या चिठ्ठीले इथून जपानले पोचाले पंधरा दिवस तरी लागते. चिठ्ठी पेटीत पडली तवा ह्याले वाटे का आपण फेल झालो. फेल झालेला मानूस दुसऱ्याची जागा कायले सोडवन?”

माफीचा शब्द रिनाच्या ओठांवर आला, पण मशीन पुन्हा धडधडायला लागली होती.

“ताई, सर असतील का?” रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं.

“त्याच्या क्लासातून पयली पोरगी जपानले चालली होती. बोर्डावर तुहा फोटो लावला त्यानं. थो तुहं नाव कायले पुसन? मले दुसरं सांग. तीन हप्त्यांखाली जपानहून तुह्याकडे काय आलं होतं?”

“काही नाई. एक फॉर्म आला होता. सही करून वापस धाडला.”

इंदुताई “हं” म्हणाल्या आणि गडचिरोलीच्या एसटीत खिडकीशी बसल्या.

मूल गाव मागे पडलं, जंगल लागलं, वैनगंगेचा पूल आला. सबंध वाटेत रिनाच्या मनात एकच होतं. खुशबू. दुसरं उरलंच कोण? लहानपणी शेजारी बसून गेम खेळलेली, वाट्याला आलेली बोरंसुद्धा अर्धी करून खाल्लेली खुशबू.

खुशबू हॉस्पिटलच्या बाहेर झाडाखाली भेटली. रिनानं फोन पुढे केला. खुशबूनं वाचलं आणि तिचे डोळे भरले.

“तुले वाटलं मी लिवलं?”

रिनानं नजर वळवली.

“मी फोन काऊन नाई केला, माहीत हाय? मले लाज वाटे. तू पास झाली, मी नाई.” तिनं नाक पुसलं. “मले तर कांजी येते तेवढी मी लिवली असती. ह्याच्यात एक कांजी नाई. सगळी साधी अक्षरं. अन् दोन शब्दांत जागा सोडली हाय. जपानी मानूस अशी जागा सोडते का कधी?”

कांजी म्हणजे चिनी वळणाची ती अवघड चित्राक्षरं. क्लासातला नवखा मुलगाही ‘नाव’ हा शब्द कांजीत लिहायचा. रिनाला स्वतःचीच लाज वाटली. कालपासून ती चिठ्ठीचा अर्थच वाचत बसली होती, चिठ्ठी पाहिलीच नव्हती.

खुशबूनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. “अन् हे ‘सा’ पाय. सर शिकवते तसा गोल नाई. कोपऱ्याकोपऱ्यानं जिन्यावानी उतरला हाय. हे लिवलेलं नाई, रिना. चौकोन मोजून काढलेलं हाय. असा ‘सा’ मी एकाच ठिकाणी पाह्यला आजपर्यंत.”

“पण चिठ्ठीत ‘सा’ कुठं हाय?” रिना पुटपुटली.

“हे काय मंग?” खुशबूनं बोट ठेवलं. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहून खोडलं होतं. सरावासाठी लिहावं तसं.

“कुठं पाह्यला असा ‘सा’?” इंदुताईंनी विचारलं.

खुशबूनं रिनाकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

“तुह्या घरच्या टीव्हीवर.”

४

परतीच्या एसटीत रिना मानेनंच नाही नाही म्हणत राहिली.

“नाई होऊ शकत, ताई. तो जुना गेमचा डबा दहा वर्षांत कोणी लावला नाई. आईले मराठी वाचाले चष्मा लागते. बाबा...” ती थांबली. “बाबा दिवसभर न्यूज पाह्यते.”

इंदुताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. सागाची झाडं मागे पळत होती.

“रिना, काल तू घरात आली. काय म्हणली? नोकरी गेली, कोणी चिठ्ठी धाडली. एवढंच न?”

“हो.”

“चिठ्ठीत काय लिवलं हाय, ते तू सांगतलं नव्हतं. फोटो मी मागून मांगतला. मंग वामनभाऊनं ‘नाव पुसलं का’ असं काऊन विचारलं? मानूस विचारंन, नोकरी वापस भेटंन का? कोणी धाडली? नाव पुसाचं त्यायले कसं ठाऊक?”

बाबांचा तो लांब श्वास रिनाला आठवला. तो खचल्याचा नव्हता. सुटल्याचा होता.

घरी पोचल्या तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. वामनराव दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले होते. रिनानं टीव्हीखालचं कपाट उघडलं. वर जुन्या साड्या, खाली लाल-पांढरा डबा. साड्यांवर धूळ होती. डब्यावर नव्हती. वायर मागे लावलेलीच होती, आणि शेजारी तिच्या जपानी शब्दांच्या जुन्या वह्या.

तिनं बटण दाबलं. ओळखीचं संगीत वाजलं, आणि पडद्यावर खेळणाऱ्यांच्या नावांची यादी आली. पहिलं नाव ‘रिना’, पातळी एकतीस. अकरा-बारा वर्षांची असतानाची तिची लढाई जिथे थांबली होती, तिथेच.

त्याखाली दुसरं नाव होतं. ‘वामान’, म्हणजे वामन. पातळी सेहेचाळीस.

रिना पडद्याकडे बघतच राहिली. त्या गेममध्ये सेहेचाळीसपर्यंत नुसती बटणं दाबून कुणी पोचत नाही. गावोगावच्या माणसांशी बोलावं लागतं. ते काय सांगतात ते समजावं लागतं. तिला स्वतःला ते जमलं नव्हतं. ज्या माणसाला ती रोज जेवताना ‘बाबा, तुमाले नाई समजणार’ म्हणायची, तो माणूस एकट्यानं बसून, कुणाला न विचारता, एक भाषा वाचायला शिकला होता.

यादीच्या खाली दोन ओळी होत्या. ‘नवीन नाव लिही.’ ‘नाव पूस.’

नामाए ओ केसु. चिठ्ठीतलेच शब्द.

मागे दार वाजलं. वामनराव उंबऱ्यात उभे होते. त्यांनी पडदा पाहिला, मग लेकीकडे पाहिलं, आणि भिंतीला धरून ते हळूहळू खाली बसले.

५

“काऊन, बाबा?” रिनानं विचारलं. “मले नाई म्हणून सांगाचं होतं. जाऊ नको म्हणाचं होतं. हे काऊन केलं?”

“तुले मराले कसं जाऊ देऊ, पोरी?”

रिनानं इंदुताईंकडे पाहिलं.

“मराले?”

“मी वाचलं न. थो फॉर्म टेबलावर होता, पत्ता लिवलेल्या पाकिटासंग. अवघड अक्षरं, पन त्यायच्या डोक्यावर बारीक साधी अक्षरं होती. थी मले येते.” वामनराव जमिनीकडे बघत बोलत होते. “गेममंधी आपला गडी मेला का त्याच्या नावासमोर एक शब्द येते. शिबोऊ. हजारदा पाह्यला मी. अन् फॉर्मवर सगळ्यात वर छापलं होतं, शिबोऊशा. मेलेला मानूस. त्याच्यासमोर तुहं नाव. तू तुह्या हातानं लिवलेलं.”

रिनाला तीन हप्त्यांपूर्वीचा तो फॉर्म आठवला.

“मी विचारलं तुले, काय लिवलं हाय त्याच्यात? तू म्हणली, काही नाई बाबा, नुसतं माहं नाव हाय, तुमाले नाई समजणार. मले वाटलं, तुले माहीत हाय अन् तू लपवून राह्यली. तुह्या मोठ्या बाबाचं, दादाजीभाऊचं आठवते का तुले? माहा भाऊ खाणीत गेला. तवा ठेकेदारानं आधीच सही घेतलेला कागद काढला. इंग्रजीत होता. मेला तर कोणाचं बोलनं नाई, असं लिवलं होतं त्याच्यात. आमच्या घरात कोणाले वाचता नाई आलं. ह्या बारीनं मले वाचता आलं.” त्यांनी वर पाहिलं. “मंग मी कसा गप बसू?”

रिनाला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच समजेना. तिनं पेन उचललं आणि वर्तमानपत्राच्या कडेला दोन कांजी काढल्या, त्याखाली आणखी दोन.

“हे पाहा बाबा. दोन्ही शब्द शिबोऊ. आवाज एकच. हा खालचा, मरण. हा वरचा, इच्छा. फॉर्मवर वरचा होता. शिबोऊशा म्हणजे ज्याची जायची इच्छा हाय थो मानूस. अर्जदार. जुन्या गेममंधी कांजीच नाई, तर दोन शब्द वेगळे कसे दिसन तुमाले?”

वामनरावांनी कागद हातात घेतला. वरची अक्षरं पाहिली, खालची पाहिली, पुन्हा वरची पाहिली.

“म्हणजे... मी तुही इच्छा पुसली?”

इंदुताईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

“मले काल संध्याकाळीच वाटलं होतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पन काऊन केलं, ते डोक्यात नव्हतं येत. वाईट कराले कोणी केलं असतं तर बरं झालं असतं. रागावता तरी आलं असतं.”

रिना रागावली. तीन दिवस ती बाबांशी बोलली नाही. ओनोबाईंना तिनं सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं, त्यात त्यांनी दोनदा लिहिलं होतं की हे वाचून त्या खुर्चीतून उठूच शकल्या नाहीत. पण जागा दुसऱ्याला देऊ केली आहे, दिलेला शब्द आता मागे घेता येणार नाही; ऑक्टोबरच्या तुकडीत रिनाचं नाव पहिलं असेल. सहा महिने गेले ते गेले.

शुक्रवारी सकाळी रिना घरातून निघाली, तर वामनराव धुतलेला सदरा घालून दारात काठी घेऊन उभे.

“त्या पोराले तू माह्यामुळं चोर म्हणली,” ते म्हणाले. “चाल.”

क्लासचा जिना दुखऱ्या गुडघ्यानं चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. रिनानं हात धरला नाही. त्यांनी मागितलाही नाही. सोळा जणांपुढे तिनं रईसची माफी मागितली. मान वर करून, एकही कारण न सांगता. मग वामनराव पुढे झाले.

“चिठ्ठी मी लिवली,” ते म्हणाले. “ह्या पोरानं नाई. अन् सर, माहं जपानी कच्चं हाय. त्याच्यात पोरीचा काही दोष नाई.”

राजदीप सरांनी हातातला खडू खाली ठेवला. रईस बाकावरून उठला, वामनरावांसाठी खुर्ची ओढली आणि स्वतः त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसला. त्यानं बॅगेतून फॉर्म काढला. अजून कोरा.

“चाचा, आज आखरी दिवस हाय. घरी अब्बा म्हणते जा, अम्मी रडून राह्यली. मले काही समजून नाई राह्यलं. तुमी सांगा, जाऊ का?”

वामनरावांनी लेकीकडे पाहिलं. रिनानं खुर्ची ओढली आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा ती त्यांच्याजवळ बसली. फॉर्म तिनं तिघांच्या मधे पसरला आणि वरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“वाचा, बाबा. अडलं का मी सांगन.”

पाच पानं होती. दुपार टळून गेली, वर्ग सुटला, पण जागचं कुणी हललं नाही. कामाचे तास, राहायची खोली, आजारी पडलं तर काय, मेलं तर काय, तेही एका कलमात होतं आणि नीट होतं. वामनरावांनी एकेक अक्षर लावत सगळं वाचलं, एकेक शब्दाचा अर्थ विचारला, दोन ठिकाणी तर सरांनाही कोश काढायला लावला. शेवटच्या ओळीला पोचल्यावर त्यांनी घाम पुसला आणि खिशातलं पेन रईसच्या हातात दिलं.

“कर सही,” ते म्हणाले. “बिनघोर जा.”